गाडीतल्या संगणकाची ड्राइव्ह: खड्डे नंतर, आधी पार्किंग बघा

गाणी, नकाशे आणि कॅमेऱ्याच्या चित्रणासाठी गाडीत संगणक बसवायचा ठरला की पहिला प्रश्न खड्ड्यांचा निघतो. आपल्या रस्त्यांवर हार्ड डिस्क टिकेल का? विचारायला हरकत नाही, पण गोव्यात ड्राइव्हचे खरे वैरी दोन: ऊन आणि इग्निशनची चावी. गाडी उभी असताना ड्राइव्ह भाजते, आणि चावी फिरते त्या क्षणी तिची वीज तुटते. हे दोन्ही सांभाळलं तर खड्ड्यांचं गणित सोपं आहे. हे दोन्ही सोडून नुसती ‘शॉकप्रूफ’ ड्राइव्ह शोधत बसलात तर पैसे वाया.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. सावली म्हणजे बहुधा माडाची, आणि माडाखाली गाडी लावू नये हे इथे लहान पोरालाही ठाऊक असतं. त्यामुळे गाडी उन्हातच राहते. पणजीत पाटोवर दिवसभर, मोपा किंवा दाबोळी विमानतळावर प्रवाशाची वाट बघत तासन्‌तास. एप्रिल-मेच्या दुपारी काचा बंद असलेल्या गाडीतली हवा ५० अंशांच्या आसपास जाते आणि डॅशबोर्डचा पृष्ठभाग ७० च्या घरात.

आता ड्राइव्हच्या मर्यादा बघा. फिरत्या चकत्यांची साधी २.५ इंची हार्ड डिस्क चालू असताना ० ते ६० अंशांसाठी बनवलेली असते. काही उत्पादक खालची मर्यादा ५ आणि वरची ५५ देतात. बंद असतानाची मर्यादा ६५ ते ७० अंश. हा दुसरा आकडा कोणी वाचत नाही. गाडीत तोच महत्त्वाचा, कारण गाडी दिवसातले बहुतेक तास बंदच असते. साधी एसएसडी, म्हणजे चकत्यांऐवजी चिपमध्ये माहिती ठेवणारी ड्राइव्ह, चालू असताना ० ते ७० आणि बंद असताना ८५ अंशांपर्यंत तग धरते. औद्योगिक दर्जाची एसएसडी उणे ४० ते ८५ पर्यंत चालते. म्हणजे एसएसडीचा पहिला फायदा वेग नव्हे, उन्हात उभं राहायची ताकद. हादऱ्यांचा फायदा त्यानंतरचा.

म्हणून ड्राइव्ह विकत घेण्याआधी एक थर्मामीटर घ्या. बाहेर तार निघणारा, कमाल तापमान लक्षात ठेवणारा साधा डिजिटल थर्मामीटर पुरतो. त्याचं टोक ड्राइव्ह बसवायची त्याच जागी चिकटवा, गाडी नेहमीच्या ठिकाणी लावा आणि तीन दिवस कमाल आकडा लिहून ठेवा. पावसाळ्यात मोजलंत तर त्याला अर्थ नाही, मोजायचं ते मार्च ते मे. कमाल ५० च्या आत राहिली तर फिरती डिस्कही चालेल. ५० ते ६० आली तर एसएसडी घ्या. त्याच्याही वर गेली तर ड्राइव्ह बदलण्याआधी जागा बदला. चालू ड्राइव्ह स्वतःच्या उष्णतेने भोवतालापेक्षा ८-१० अंश वर जाते हे विसरू नका. बंद डब्यात तर जास्तच.

जागेबद्दल जरा सविस्तर. डॅशबोर्डच्या वर आणि मागच्या काचेखालच्या पार्सल ट्रेवर काहीही ठेवू नका. ग्लोव्ह बॉक्सच्या मागची पोकळी बरी, फक्त तिथून एसीची नळी जाते. चालकाच्या सीटखालची जागा थंड असते. शेजारच्या सीटखाली मात्र जपून. एसीच्या पाण्याची नळी तुंबली की पाणी आत, शेजारच्या माणसाच्या पायाखालच्या गालिच्यात मुरतं, आणि ते आठवडाभर कळत नाही. वरून मिरग लागला की चार महिने ओल्या छत्र्या आणि चिखलाच्या चपला तिथेच. सीटखाली बसवायचंच असेल तर ॲल्युमिनियमच्या पट्टीवर जमिनीपासून २५-३० मिमी उचलून बसवा. सीट पुढे-मागे सरकवून पाहा, आणि सीटखालच्या पिवळ्या कनेक्टरांना हात लावू नका, ते एअरबॅगचे असतात. डिकीत स्टेपनीचा खळगा टाळा, पाणी साचतं ते तिथेच. डिकीची बाजूची भिंत, म्हणजे चाकाच्या कमानीच्या मागची जागा, माझ्या मते सगळ्यात चांगली: सावलीत, उंचावर, कोरडी.

‘ड्राइव्ह तापते ना, मग एसीची हवा तिच्यावर सोडू’ ही युक्ती आपल्या हवेत उलटते. जून ते सप्टेंबर इथल्या हवेचा दवबिंदू २४-२५ अंशांच्या आसपास असतो. एसीच्या झोतात १५ अंशांपर्यंत गार झालेली ड्राइव्ह, आणि तुम्ही दार उघडून बाहेरची दमट हवा आत घेतलीत, की थंड पाण्याच्या पेल्याला फुटतो तसा घाम तिला फुटतो. ड्राइव्हच्या माहितीपत्रकात आर्द्रतेपुढे ‘नॉन-कंडेन्सिंग’ लिहिलेलं असतं ते याचसाठी. ९० टक्के दमटपणा चालतो, पाण्याचा थेंब चालत नाही. केबिनमधली साधी हवा खेळती ठेवा, झोत नको.

फिरती डिस्क घ्यायचीच असेल तर

चार-पाच टीबीचा साठा हवा असेल आणि खिसा एसएसडीला परवानगी देत नसेल, तर फिरती डिस्क अजूनही चालते. पण २.५ इंचीच. ३.५ इंचीला ५ व्होल्टबरोबर १२ व्होल्टही लागतात, सुरू होताना ती दीड-दोन अँपिअर ओढते आणि चालू असताना ३० ते ८० जीचाच (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या पटीत मोजलेला धक्का) हादरा सोसते. लॅपटॉपची २.५ इंची नुसत्या ५ व्होल्टवर चालते, सुरू होताना सुमारे १ अँपिअर घेते आणि चालू असताना ३५० ते ४०० जीचा हादरा सोसते.

पण या ४०० जीवर भाळू नका. तो आकडा २ मिलिसेकंदांच्या एकाच धक्क्याचा आहे. सततच्या कंपनासाठी त्याच माहितीपत्रकात जेमतेम १ जीच्या आसपासची मर्यादा दिलेली असते, आणि गाडीत धक्के थोडे, कंपन फार. गतिरोधकाने डिस्क मरत नाही. चोर्ला घाटात तासभर खडबडीत रस्त्यावर हेड, म्हणजे चकतीवर वाचणारा-लिहिणारा भाग, ट्रॅकवरून (माहितीच्या रेषेवरून) पुन्हा पुन्हा सरकतं, डिस्क तीच जागा पुन्हा वाचते आणि गाणं अडखळतं, एवढंच. लिहिताना असं झालं तर मात्र सेक्टर, म्हणजे चकतीवरचे माहितीचे कप्पे, खराब व्हायला लागतात. त्यामुळे फिरत्या डिस्कवरून वाचावं, गाडी पळत असताना लिहू नये. डॅशकॅमचं चित्रण तिच्यावर टाकणं हे दिवसभर हादऱ्यात लिहिणं झालं. शिवाय आजच्या बहुतेक १ आणि २ टीबीच्या पातळ २.५ इंची डिस्क एसएमआर पद्धतीच्या आहेत. त्यांच्यात ट्रॅक कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात, एक बदलायचा तर शेजारचे पुन्हा लिहावे लागतात. सतत लिहिण्यात त्या दमतात.

बसवताना दोन टोकाच्या चुका होतात. एक, डिस्क थेट पत्र्याला स्क्रूने आवळणं. दुसरी, आणि हिचा मला जास्त राग आहे, तिला मऊ फोममध्ये गुंडाळणं. फोम उष्णता कोंडतो, आणि डिस्क आतल्या आत मोकळी डोलते. ५४०० आरपीएमची डिस्क सेकंदाला ९० फेरे मारते. तिला घट्ट आधार नसेल तर स्वतःच्याच फिरण्याने ती थरथरते. त्यातच आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या गाड्यांची इंजिनं तीन सिलिंडरची. ८०० आरपीएमच्या आयडलला तीन सिलिंडरचं इंजिन सेकंदाला २० ठोके देतं, चार सिलिंडरचं २६-२७. आधार फार मऊ झाला तर सिग्नलला उभ्या गाडीतच डिस्क नाचायला लागते. साधा उपाय असा: ॲल्युमिनियमची पट्टी गाडीला घट्ट बसवायची, पट्टीत चार रबरी बुश घालायचे, आणि बुशातून एम३चे स्क्रू डिस्कच्या खालच्या चार भोकांत. बोटाने दाबल्यावर डिस्क २-३ मिमी हलावी आणि लगेच जागेवर यावी. डोलत राहिली तर बुश बदला. स्क्रू लांब घेऊ नका, ३ मिमीपेक्षा जास्त आत गेला तर आतल्या भागांना लागू शकतो. डिस्कवरचं हवेचं बारीक भोक टेपने झाकू नका. आडवी किंवा कडेवर उभी, दोन्ही चालतं. सबवूफरच्या खोक्यावर किंवा त्याला टेकून मात्र नको, चुंबकामुळे नव्हे तर हादऱ्यामुळे.

जुन्या लॅपटॉपची डिस्क काढून बसवणारे बरेच असतात. त्यात फ्री-फॉल सेन्सर आहे का ते आधी पाहा. लॅपटॉप पडायला लागला की हेड बाजूला घेण्यासाठी तो दिलेला असतो. गाडीत गतिरोधकावरून उतरताना त्याला वाटतं आपण पडलो, आणि तो हेड उचलतो. पडदा थबकतो. दुसरी सवय म्हणजे काही सेकंद काम नसलं की वीज वाचवायला हेड पार्क करणं. गाणी वाजवताना डिस्क थोडं वाचते, थांबते, पुन्हा वाचते. तासाला १२० वेळा हेड उतरलं-चढलं आणि गाडी रोज ८ तास चालली, तर दिवसाचे ९६०. अशा डिस्कची मर्यादा साधारण ६ लाख असते, ती ६२५ दिवसांत संपते. लिनक्सवर एचडीपार्म या आज्ञेने एपीएमची, म्हणजे वीजबचतीची, पातळी २५४ केली की हे थांबतं. त्याहून बरं, ऐकायची गाणी छोट्या एसएसडीवर उतरवून घ्या आणि मोठी डिस्क झोपू द्या. झोपलेली डिस्क १००० जीपर्यंत सोसते.

खास गाड्यांसाठी बनवलेल्या डिस्कही होत्या. तोशिबाच्या एमक्यू०१एएडी मालिकेतल्या उणे ३० ते ८५ अंशांत चालतात, ४२०० आरपीएमच्या आणि ३२० जीबीपर्यंतच्या. हिताचीची एन्ड्युरास्टार त्याच घराण्यातली. जुन्या गाड्यांच्या नेव्हिगेशनमध्ये त्या सापडतात. आज वापरलेली, दहा-बारा वर्षांची अशी डिस्क विकत घेण्यात मला काही अर्थ दिसत नाही. तेवढ्या जागेची एसएसडी सहज मिळते.

एक गोष्ट लेहला निघणाऱ्यांसाठी. फिरत्या डिस्कचं हेड हवेच्या पातळ थरावर तरंगतं आणि साध्या डिस्कची मर्यादा सुमारे ३००० मीटर. गोव्यात समुद्राच्या कडेला हवेची कमतरता नाही, पण लेह शहरच ३५०० मीटरवर आहे. निघताना डिस्क काढून घरी ठेवा.

एसएसडी कोणती, आणि केवढी

आधी गरज मोजा. ३२० केबीपीएसची एमपी३ तासाला १४४ एमबी खाते. ६४ जीबीत ४४४ तास गाणी मावतात. पत्रादेवी ते पोळे सगळा गोवा तीन-चार तासांत ओलांडून होतो, त्यामुळे नुसत्या भजनांसाठी आणि नाट्यगीतांसाठी १ टीबी घेणाऱ्यांना माझा नमस्कार. गाणी आणि नकाशे एवढंच असेल तर १२८ किंवा २५६ जीबी पुष्कळ झाली.

चित्रणाचं गणित वेगळं. १०८० रेषांचा एक कॅमेरा ८ एमबीपीएसने तासाला ३.६ जीबी लिहितो. पुढचा-मागचा मिळून ७.२. टॅक्सी रोज १० तास चालली तर दिवसाला ७२ जीबी, वर्षाला सुमारे २६ टीबी. आता एसएसडीच्या खोक्यावरचा टीबीडब्ल्यू हा आकडा वाचा: वॉरंटीत एकूण किती टीबी लिहिता येतं ते. सॅमसंग ८७० इव्होची ५०० जीबी ३०० टीबीडब्ल्यूची आहे, म्हणजे या वापराला ११ वर्षं. क्रुशियल बीएक्स५०० ची ४८० जीबी १२० टीबीडब्ल्यूची, म्हणजे साडेचार वर्षं. दोन्ही पुरतात. ज्या छोट्या, नाव नसलेल्या ड्राइव्हवर हा आकडाच दिलेला नसतो, ती कॅमेऱ्यासाठी घेऊ नका. ५०० जीबीत या हिशेबाने सहा-सात दिवसांचं चित्रण राहतं आणि जुनं पुसलं जातं. अपघाताच्या वादासाठी तेवढं बस्स.

क्यूएलसी प्रकारच्या (एका पेशीत चार बिट, लवकर झिजणाऱ्या) स्वस्त ड्राइव्ह कॅमेऱ्यासाठी टाळा, टीएलसी (एका पेशीत तीन बिट) घ्या. जोडणी एनव्हीएमई (नवी, वेगवान) की साटा (जुनी, संथ)? दोन कॅमेरे मिळून सेकंदाला २ एमबी लिहितात. साटा त्याच्या दोनशेपट देते. एनव्हीएमई भार आला की ५-८ वॉट उष्णता टाकते, साटा २-३ वॉट. गाडीत उष्णताच आपला शत्रू, त्यामुळे सोय असेल तिथे साटा. मिनी पीसीत फक्त एम.२ एनव्हीएमई बसत असेल तर हीटसिंक लावा आणि थर्मल पॅडची जाडी मोजून घ्या. पॅड टेकलाच नाही तर हीटसिंक नुसता शोभेचा.

वीज अचानक गेली तर हातातलं काम पूर्ण करण्यापुरती वीज साठवणारे कपॅसिटर आत असलेल्या ड्राइव्ह मिळतात. किंग्स्टन डीसी६००एम आणि सॅमसंग पीएम८९३ या सर्व्हरसाठीच्या साटा ड्राइव्हमध्ये ते आहेत. महाग आहेत, पण दिवसातून पंधरा-वीस वेळा बंद-चालू होणाऱ्या टॅक्सीत हा पैसा वसूल होतो. घरच्या गाडीत तोच पैसा पुढे सांगितलेल्या वायरिंगवर घाला.

रास्पबेरी पाय या एका बोर्डाच्या छोट्या संगणकावर मेमरी कार्डच ठेवायचं असेल तर ‘एन्ड्युरन्स’ वर्गाचं घ्या, सॅमसंग प्रो एन्ड्युरन्स किंवा सॅनडिस्क मॅक्स एन्ड्युरन्स यांसारखं. ती उणे २५ ते ८५ अंशांत चालतात आणि सतत लिहिण्यासाठीच बनवलेली असतात. साधं मोबाइलचं कार्ड कॅमेऱ्यात काही महिन्यांत दगावलं तर त्या कार्डाचा दोष नाही.

जहाजावर किंवा आखातात नोकरी करणाऱ्यांच्या गाड्या सहा-नऊ महिने बंद राहतात. एसएसडीत माहिती विद्युतभाराच्या रूपात असते आणि वीज नसताना ती हळूहळू गळते. जेडेक या चिप उद्योगाच्या मानक संस्थेच्या नियमाप्रमाणे टीबीडब्ल्यू संपत आलेल्या साध्या ड्राइव्हने ३० अंशांत १ वर्ष माहिती धरायची असते. तापमान वाढलं की हा काळ झपाट्याने घटतो. नवी ड्राइव्ह याच्या कितीतरी पट टिकते, पण झिजलेली ड्राइव्ह उन्हातल्या बंद गाडीत सोडून बोटीवर जाऊ नका. काढून घरात ठेवा. बॅटरीची ऋण तार काढायला जाल तेव्हा हेही काम करून टाका.

वीज: खरी मेख इथे आहे

गाडीची १२ व्होल्टची बॅटरी कधीच १२ व्होल्टची नसते. इंजिन बंद असताना १२.६, चालू असताना १३.८ ते १४.४, आणि स्टार्टर फिरतो तेव्हा क्षणभर ९ च्या खाली, जुनी बॅटरी असेल तर ६-७ पर्यंत. वरून अल्टरनेटरचे उसळते झटके. ‘१२ व्होल्ट, ३ अँपिअर’ लिहिलेला मिनी पीसी सिगारेट लायटरमधून थेट जोडला तर तो काही दिवस चालतोही. मग एखाद्या सकाळी स्टार्टर मारताना संगणक पुन्हा सुरू होतो, नेमका ड्राइव्हवर लिहीत असताना. तिसऱ्या-चौथ्या वेळी तो उठतच नाही आणि खापर फुटतं ड्राइव्हवर.

मध्ये गाडीसाठीचा डीसी-डीसी पुरवठा हवाच. ६ व्होल्टपर्यंत इनपुट पडलं तरी आउटपुट स्थिर ठेवणारा. पूर्ण एटीएक्स बोर्डासाठी (डेस्कटॉपच्या मदरबोर्डसाठी) एम४-एटीएक्स हा पुरवठा ६ ते ३० व्होल्टवर २५० वॉट देतो, एम२-एटीएक्स ६ ते २४ व्होल्टवर १६० वॉट. मिनी पीसीसाठी स्थिर १२ व्होल्ट देणारा बक-बूस्ट. नुसता ‘बक’ घेऊ नका, तो फक्त व्होल्टेज उतरवतो, चढवू शकत नाही. रास्पबेरी पायला १२ ते ५ व्होल्टचा ५ अँपिअरचा बक पुरतो.

कायमची तार बॅटरीच्या धन टोकावरून घ्या आणि टोकापासून वीतभर अंतरावर फ्यूज टाका. रास्पबेरी पायला ५ अँपिअरचा, मिनी पीसीला ७.५ चा, एम४-एटीएक्सला बोर्डाच्या भाराप्रमाणे १५ किंवा २०. त्या फ्यूजला झेपेल अशी तार, एटीएक्सला २.५ चौरस मिमीपेक्षा बारीक नको. दुसरी तार एसीसीची, चावी पहिल्या टप्प्यावर आली की जिवंत होणारी. तिच्यावरून वीज ओढायची नाही, ती फक्त ‘गाडी चालू आहे’ एवढं सांगते. ऑटो इलेक्ट्रिशियनला हे दोनदा सांगा. सवयीने सगळा भार एसीसीवरच टाकला जातो, आणि मग चावी काढली की संगणक खटकन मरतो.

बंद होण्याचा क्रम असा हवा: चावी निघाली, पुरवठा काही वेळ थांबला, त्याने संगणकाला बंद हो म्हटलं, संगणक सावकाश बंद झाला, आणि मग वीज तुटली. पहिला थांबा १५ मिनिटांचा ठेवा. फेरीबोटीत इंजिन बंद करता, पेट्रोल भरता, वाटेत चहा घेता, तेवढ्यात संगणक बंद-चालू होऊ नये. १५ वॉटचा संगणक त्या पाव तासात बॅटरीतून ०.३ अँपिअर-तास घेतो, काहीच नाही. शेवटची वीज तोडणी शटडाउननंतर किमान ५ मिनिटांनी. विंडोज असेल तर आपोआप होणारे अपडेट बंद करा, नाहीतर ‘संगणक बंद करू नका’ असं पडद्यावर असतानाच पुरवठा त्याचा गळा दाबतो.

संगणक झोपवून ठेवला तर? झोपेत १.५ ते २ वॉट जातात, म्हणजे १२ व्होल्टवर ०.१५ अँपिअरच्या आसपास, दिवसाला ३.६ अँपिअर-तास. छोट्या गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची. पाच दिवसांत ती अर्ध्यावर येते. चवथीला गाडी घरी उभी राहिली तर सहाव्या दिवशी धक्का मारायला पाहुण्यांना उठवावं लागेल. रोज गाडी काढणाऱ्यांनी झोपवावं, इतरांनी पूर्ण बंद करावं.

रास्पबेरी पायला चावीचा इशारा द्यायचा तर पीसी८१७ ऑप्टोकपलर (दोन बाजूंची वीज वेगळी ठेवून प्रकाशाने इशारा देणारा भाग) आणि २.२ किलोओहमचा रेझिस्टर पुरे. १४.४ व्होल्टला त्यातून ६ मिलिअँपिअर जातात. दुसऱ्या बाजूने जीपीआयओ पिन (रास्पबेरी पायची इशारे घेणारी पिन) जमिनीला, म्हणजे ऋण टोकाला, ओढायची. इथे एक गफलत हटकून होते. शटडाउनचा ओव्हरले (रास्पबेरी पायमधली तयार सेटिंग) मुळात पिन खाली गेली की बंद हो असं समजतो, आणि या जोडणीत गाडी चालू असताना पिन खाली असते. दिशा उलटी केली नाही तर गाडी सुरू होताच संगणक बंद होतो. वीज सावकाश तोडायला ऑफ-डिले टाइमर रिले लावा.

५ व्होल्ट लांब नेऊ नका. ०.३३ चौरस मिमीची तार २ मीटर नेली तर जाऊन-येऊन ४ मीटर, सुमारे ०.२१ ओहम. ३ अँपिअरला ०.६ व्होल्ट वाटेतच गळतात आणि पलीकडे ४.४ पोचतात. रास्पबेरी पाय ४.६३ च्या खाली तक्रार करतो, हार्ड डिस्कला ४.७५ लागतात. डिस्क ‘टक्‌ टक्‌’ करते, पुन्हा पुन्हा फिरायचा प्रयत्न करते आणि लोक तिला मेलेली समजून बदलतात. कन्व्हर्टर संगणकाच्या शेजारी ठेवा, लांबचा प्रवास १२ व्होल्टला करू द्या. रास्पबेरी पाय ४ चारही यूएसबी मिळून १.२ अँपिअर देतो. पाय ५ ला ५ अँपिअरचा पुरवठा आहे असं ओळखता आलं नाही तर तो ६०० मिलिअँपिअरवरच थांबतो. साध्या बक कन्व्हर्टरला तो ओळखत नाही, सेटिंगमध्ये सांगावं लागतं. फिरत्या डिस्कसाठी वेगळी वीज घेणारा यूएसबी हब बरा.

ॲम्प्लिफायरला जोडल्यावर स्पीकरमधून इंजिनच्या गतीबरोबर चढणारी ‘कुंई’ ऐकू आली तर ड्राइव्हला दोष देऊ नका. संगणक आणि ॲम्प्लिफायर यांची अर्थिंग एकाच बोल्टवर आणा.

ड्राइव्हवर काय, कुठे

एवढं करूनही कधीतरी फ्यूज उडेल, कधी कोणी बॅटरी काढेल. तेव्हा वीज तुटली तरी संगणक उठावा अशी मांडणी करा. कार्यप्रणाली एका विभागात आणि तो विभाग फक्त वाचण्यापुरता. रास्पबेरी पायच्या सेटिंगमध्ये ओव्हरले फाइल सिस्टिम हा पर्याय आहे, तो चालू केला की सगळं लिखाण रॅममध्ये होतं आणि कार्डला धक्का लागत नाही. चित्रण वेगळ्या विभागात, एक्स्ट४ या फाइल सिस्टिमवर. विंडोजवर एनटीएफएस. एक्सफॅट टाळा: तिच्यात जर्नल (बदल करण्याआधी त्याची नोंद ठेवणारी वही) नाही, अर्धवट लिहिताना वीज गेली की फाइलीच काय, फोल्डरही हरवतात. चित्रण १ ते ३ मिनिटांच्या तुकड्यांत करा, म्हणजे तुटलंच तर शेवटचा तुकडा जाईल. सगळं नीट चालायला लागलं की त्याच दिवशी पूर्ण ड्राइव्हची प्रतिमा घरच्या संगणकावर घेऊन ठेवा.

नवी ड्राइव्ह आणली की बसवण्याआधी ती पूर्ण भरून पुन्हा वाचून पाहा. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू, लिनक्सवर एफ३. खोटी क्षमता सांगणाऱ्या ड्राइव्ह ऑनलाइन सर्रास मिळतात. पेनड्राइव्हच्या किमतीत १६ टीबी म्हणणारी काळी डबी आत ६४ जीबीची निघते आणि भरल्यावर जुनं मुकाट्याने पुसत जाते.

नंतर महिन्यातून एकदा स्मार्ट, म्हणजे ड्राइव्ह स्वतःच्या प्रकृतीची ठेवते ती नोंद, तपासा, उन्हाळ्यात दोनदा. पाच क्रमांकाचा आकडा म्हणजे बदललेले सेक्टर, १९७ म्हणजे वाचायला कष्ट पडणारे. फिरत्या डिस्कमध्ये १९७ शून्यावरून वर गेला की माहिती त्याच दिवशी काढून घ्या. १९२ हा वीज तुटून घाईत हेड मागे घेतल्याची मोजदाद. तो रोज वाढत असेल तर बंद होण्याचा क्रम बिघडलाय, ड्राइव्ह बदलून उपयोग नाही. १९४ तापमान. १९९ वाढत असेल तर ड्राइव्ह ठीक आहे, साटाची केबल सैल झाली आहे किंवा गंजली आहे.

हा १९९ किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांच्या ओळखीचा होतो. मिरामार, कळंगुट, कोलवा पट्ट्यात खारी हवा कनेक्टरच्या सोनेरी पट्ट्यांवर काळपट थर आणते. वर्षातून एकदा, चवथीनंतर पाऊस ओसरला की, वीज तोडून सगळे कनेक्टर काढा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, वाळू द्या आणि परत घट्ट बसवा. लॅच असलेलीच साटा केबल घ्या. साधी केबल हादऱ्याने मिलिमीटरभर सरकते आणि तेवढं पुरतं. गरम गोंदाचा थेंब लावून केबल पक्की करणारे असतात, पण मे महिन्यात तो गोंदच मऊ होतो. प्लास्टिकची टाय वापरा, केबलला थोडी ढील देऊन.